मामांचा मागचा गिअर

पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचून मानणारे पुष्कळ. मी स्वतः तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला आणि दरवर्षी नव्या वर्गापुढे मोसंबं धरून ते पटवून दिलं. पण पृथ्वीच्या गोलपणाचा रोजच्या व्यवहारात उपयोग करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामा गाडी चालवत, पण कधी मागे घेत नसत. मागचा गिअर हा प्रकार त्यांच्या लेखी गाडीत नव्हताच. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरचं त्यांचं ठरलेलं पानाचं दुकान एकदा बोलण्याच्या नादात चार हात मागे राहिलं, तर हा गृहस्थ बिंदू चौक, दसरा चौक करत पार पंचगंगेच्या पुलापर्यंत गेला आणि शुक्रवार पेठेतून फिरून पुन्हा त्याच दुकानापुढे येऊन उभा राहिला. शेजारी मी होतो. मी म्हटलं, मामा, उतरून चार पावलं चाललो असतो की. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पान काय पळून चाललंय व्हय, जावईबापू?" आणि दोन मसाला पानं सांगितली.

या व्रताला व्रतासारखेच बारीकसारीक नियम होते. गाडी लोकांनी मागे ढकललेली चाले, उचलून फिरवलेली चाले, उतारावर आपोआप मागे घरंगळली तर तो परमेश्वराचा दोष. फक्त मामांच्या हातानं मागचा गिअर पडता कामा नये आणि मामांनी मान वळवून मागे बघता कामा नये. माझ्या लग्नात मुरगूडला वरात निघाली ती मामांच्या गाडीतून. बँडवाल्यांना मागे टाकायच्या ईर्षेनं मामांनी गाडी एका बोळात घातली. बोळाच्या शेवटी कडब्याची गंजी आणि तिच्यामागे भिंत. मामांनी इंजिन बंद केलं, मला मुंडावळ्यांसकट खाली उतरवलं आणि वरातीत जेवायला म्हणून आलेल्या तालमीतल्या सहा पैलवानांना हाक मारली. सहाजणांनी गाडी उचलली, पण बोळ अरुंद. मग गंजी हलवली, मग एका म्हातारीचं चुलवण हलवलं, आणि गाडीचं तोंड फिरेपर्यंत मुहूर्त टळून गेला. आमचं लग्न पंचांगाच्या नव्हे, मामांच्या मुहूर्तावर लागलं असं शालन, म्हणजे माझी बायको, अजून सांगते. ते बरं लागलं, हे मीही कबूल करतो.

मामांचं कोडोलीला उसाचं रान आणि गुऱ्हाळ होतं. राहायचे कोल्हापुरात, पण गुळाचा वास अंगाला कायम. डोक्याला रंगीबेरंगी लहरी फेटा, आवाज असा की रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाची तब्येत विचारावी. जगातल्या सगळ्या अनोळखी माणसांना ते 'पावणं' म्हणत आणि सगळ्यांशी कोल्हापुरी मराठीत बोलत. समोरच्याला समजत नसेल तर आणखी मोठ्यानं बोलत. गाडी होती कुठल्याशा साहेबानं जाताना विकून टाकलेली, लढाईच्या आधीची, लांबलचक आणि काळी. मामांनी तिला आपल्या म्हशीचं नाव दिलं होतं, सगुणा. बेंदराला लोक बैल सजवतात. मामा बैलांबरोबर सगुणालाही धूत, तिच्या दिव्यांच्या कडा हिंगुळानं रंगवत, पुढे गोंडे बांधत आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवून हात जोडत. ती पोळी नंतर स्वतःच खात. "जित्राबाचं मन राखाय लागतंय," असं त्यांचं म्हणणं.

सगुणेचं खरं माहेर उद्यमनगरात, हुसेन मिस्त्रींच्या गॅरेजात. हुसेन मिस्त्री मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. बारीक अंगाचे, तोंडात कायम खिळा धरून बोलणारे, आणि डावा पाय गुडघ्याखाली नसलेले. तो पाय कुठे गेला हे त्यांनी कधी दोन माणसांना एकसारखं सांगितलं नाही. मला सांगितलं की पंचगंगेत सुसरीनं नेला. आमच्या हेडमास्तरांना सांगितलं की ब्रह्मदेशच्या लढाईत ठेवून आलो. दूधवाल्याला सांगितलं की सासऱ्यानं लग्नात मागून घेतला. पाय एक आणि गोष्टी चाळीस. हे चालू असताना मामा मात्र हमखास उठून चहा सांगायला बाहेर जात. माझी समजूत अशी, की एरवी फुशारकी मारण्यात कुणाला हार न जाणाऱ्या मामांना दुसऱ्याची फुशारकी ऐकवत नसावी. माझ्या शहाणपणाची झेप एवढीच.

एकदा मामा असेच चहाला गेले असताना मी एक नवल पाहिलं. हुसेन मिस्त्री कुबडी टेकत सगुणेत जाऊन बसले, कुबडीच्या टोकानं क्लच दाबला, मागचा गिअर टाकला आणि गाडी सहा-सात फूट मागे नेऊन पुन्हा होती तिथे आणून लावली. मी बघत राहिलेला पाहून म्हणाले, मास्तर, त्याला सांगू नका. दर महिन्याला ते हे करत होते, वर्षानुवर्षं. कशासाठी, असं मी विचारलं. तोंडातला खिळा काढून त्यांनी उत्तर दिलं, "वापरला न्हाय तर जाम हुतोय. कवातरी लागंल की."

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. गावात तेव्हा अपंगांसाठी कृत्रिम पाय बनवणारं एक लहानसं धर्मादाय केंद्र निघालं होतं आणि तिथे एक विलायती डॉक्टरीणबाई दोन वर्षांसाठी आल्या होत्या. बाईंनी हुसेन मिस्त्रींना पाय बसवायचा चंग बांधला. तीनदा माप घ्यायला आल्या, तिन्ही वेळा मिस्त्री मागच्या दारानं पसार. एका पायानं इतक्या वेगानं पळणाऱ्याला दुसरा कशाला हवा, असं लोक म्हणायला लागले. पण मामांनी हे मनाला लावून घेतलं. रोज सकाळी जाऊन ते मिस्त्रींना विनवत, दम देत, शपथा घालत. शेवटी एक दिवस माझ्यासमोरच त्यांनी विचारलं की काय केलं म्हणजे तू पाय बसवून घेशील, ते एकदा सांगून टाक.

गॅरेजच्या भिंतीवर बाईंनी एक कागद डकवला होता. अशा केंद्रांच्या मदतीसाठी काही हौशी परदेशी मंडळींनी जुन्या गाड्यांची एक गमतीची रॅली काढली होती, दिल्लीपासून पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत तुर्कस्तानात इस्तंबूलपर्यंत. गाडी जितकी जुनी तितकी बरी. पहिल्या येणाऱ्याला बक्षीस नव्हतं, कारण जो घाईनं गेला त्यानं गंमत घालवली असा त्यांचा नियम. फक्त ठरल्या दिवसाच्या आत पोचायचं. हुसेन मिस्त्रींनी कुबडी उचलून त्या कागदावरच्या शेवटच्या गावावर टेकवली. "सगुणा घिऊन ठरल्या दिवसाच्या आत ह्या गावापत्तुर जा. तितल्या समुद्राचं पानी बाटलीतनं आण. तवा बसवून घेतो पाय."

सूर्य पश्चिमेला उगवला तर असं म्हणावं, तसंच मला ते वाटलं. पण मामांनी दुसऱ्याच दिवशी बाईंकडे जाऊन नाव दिलं. तालमीत जाहीर करून टाकलं की आता इस्तंबूलचं पाणी आणल्याशिवाय सगुणेचं तोंड फिरणार नाही. कोल्हापुरात एकदा तालमीत शब्द गेला की तो परत घेता येत नाही. केंद्राला मदतही गावानं हात सैल सोडून केली, पोचा न पोचा, म्हणाले, दिलं ते दिलं. मामांना मात्र पोचायचंच होतं. इतक्या हट्टानं मी त्यांना दुसरं काही मागताना पाहिलं नाही.

प्रत्येक गाडीत दोन माणसं लागत, आणि नकाशा वाचणारं व इंग्रजी बोलणारं म्हणून दुसरं माणूस मी ठरलो. मला कुणी विचारलं नाही. मी वीस वर्षं इराणचं हवामान फळ्यावर लिहीत होतो आणि स्वतः पुण्यापलीकडे गेलो नव्हतो. शालन म्हणाली जा, आणि मामांना म्हणाली, "मामा, जसं नेतायसा तसं माघारी आणा." मामांनी फेट्याला हात लावून सांगितलं की जावयाच्या केसालाही धक्का लागणार नाही. हे वचन त्यांनी इतकं शब्दशः घेतलं, की पुढच्या महिनाभरात मला माणूस म्हणून जगणं कठीण झालं.

आमच्याकडे जावयाला काम सांगत नाहीत. ही रीत घरापुरती असते असा माझा समज होता. मामांच्या मते ती चार देशांना लागू होती. कंदाहारच्या अलीकडे उजाड माळावर सगुणेचं टायर फुटलं. मी बाह्या सावरून उतरलो तर मामांनी मला दटावून परत बसवलं. मग ऊन लागेल म्हणून खुर्ची काढून दिली, उघडी छत्री हातात दिली, गूळ आणि पाणी पुढे ठेवलं आणि स्वतः साठीचा माणूस जॅक लावून चाकाशी झटू लागला. तेवढ्यात रॅलीतल्या दोन विलायती गाड्या येऊन थांबल्या. छत्रीखाली बसून गूळ खाणारा मी आणि धुळीत लोळणारे मामा पाहून त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. संध्याकाळी मुक्कामावर जो तो मला कमरेत वाकून नमस्कार करू लागला. कोल्हापूरचे कुणी धाकटे राजेसाहेब आपल्या फेटेवाल्या शोफरसह आले आहेत, अशी बातमी फुटली होती. मी मामांना हे समजावलं आणि म्हटलं की उद्यापासून मला धक्का तरी मारू द्या. ते म्हणाले, "त्येंला काय समजायचं ते समजू द्या की. जावई धक्का मारतोय म्हटल्यावर सगुणा सुरूच हुयाची न्हाय." तेव्हापासून इस्तंबूलच्या वाटेवर मी राजा म्हणूनच वावरलो. शाळेतल्या पगाराचा विचार करायचं सोडून दिलं.

त्याआधी लाहोरला आमचा एक पूर्ण दिवस गेला होता. मामांनी शहरात शिरल्या शिरल्या पहिल्या माणसाला विचारलं, "पावणं, हितं तालीम कुठं हाय?" त्याला मराठी येत नव्हतं, पण मामांनी मांडीवर थाप मारून दाखवल्यावर तो हसला आणि गाडीत येऊन बसला. आखाड्यात कान मोडलेले एक वयस्कर वस्ताद भेटले. कोल्हापूर हे नाव ऐकताच ते उठून उभे राहिले. तरुणपणी ते कोल्हापुरात कुस्ती खेळून गेले होते, हरले होते आणि तरी लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवलं होतं, हे सांगताना त्यांचे डोळे भरले. मामांनी गुळाची अख्खी ढेप त्यांच्या मांडीवर ठेवली. सगुणेचा मागचा भाग काचेपर्यंत गुळाच्या ढेपांनी भरला होता, कारण रिकाम्या हातानं पावण्याला भेटायचं नाही ही दुसरी रीत. कस्टमवाल्यांनी प्रत्येक सरहद्दीवर त्या ढेपा फोडून, हुंगून, शेवटी खाऊन पाहिल्या. एका सरहद्दीवर गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या मागे घ्या असा हुकूम झाला. मामा हाताची घडी घालून बसले. मी इंग्रजीत व्रत समजावून सांगायचा प्रयत्न केला, तो काही साधला नाही. अखेर चार शिपायांनी गूळ चघळत सगुणेला मागे ढकललं आणि जाताना मामांशी हात मिळवला.

आम्ही रोज सगळ्यांच्या शेवटी मुक्कामाला पोचत होतो. वाटेत कुणाचीही गाडी बंद पडलेली दिसली की मामा थांबत, मग ती रॅलीतली असो, ट्रक असो की गाढवाचा गाडा. सगुणेच्या टपावरच्या पेटीत हुसेन मिस्त्रींनी दिलेली हत्यारं होती आणि बाजूला ती रिकामी बाटली, बूच लावून, फडक्यात गुंडाळलेली. रोज सकाळी मामा ती काढून पुसत. एकदा म्हणाले की हुसेन पाय लावून पेठेतून चालत येताना एकदा बघायचाय, मग काय व्हायचं ते होऊ दे. मी म्हटलं, मामा, त्यांना नको तर तुम्ही का एवढं मागे लागता. ते बाटली पुसत राहिले.

तुर्कस्तानात शिरलो तेव्हा ठरलेल्या दिवसाला अजून चार दिवस बाकी होते. एर्झुरुम नावाचं मोठं डोंगरी गाव मागे टाकलं त्या सकाळी माझ्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. मी बोललो नाही. मामांना महिनाभर रोज बाटली पुसताना पाहिलं असतं तर तुम्हीही बोलला नसता. दुपारी घाटात पुढे दरड कोसळलेली लागली. आमच्यापुढे दोन ट्रक उभे, मागे कुणी नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली पाहवणार नाही अशी दरी. रॅलीतले बाकीचे आदल्या दिवशीच पलीकडे गेले होते. दरड उपसायला पलीकडून माणसं येत होती, संध्याकाळपर्यंत वाट मोकळी होईल अशी खूण एका मिशाळ ट्रकवाल्यानं केली. मामा खूश झाले. तेवढ्यात मी गाडीतच वाकडा झालो आणि ओकलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मिशाळ ट्रकवाल्यानं माझं पोट दाबून पाहिलं, मी किंचाळलो, आणि त्यानं मागच्या दिशेला बोट करून डॉक्टर, डॉक्टर असं दोनदा म्हटलं. तो एक शब्द सगळ्या जगात सारखा आहे. दवाखाना मागे होता. मामांनी आधी गाडी उचलून फिरवायचं सुचवलं, चार माणसं आलीही, पण सगुणेची लांबी त्या रस्त्याच्या रुंदीहून जास्त भरली. ढकलायचं तर मागे चढ. ट्रकवाल्यानं स्टिअरिंगवर बसून गाडी मागे घेण्यासाठी हात पुढे केला, पण सगुणेचा गिअर हा भल्याभल्यांना दाद देणारा नव्हता, आणि चाक वीतभर चुकलं तर सगळा खेळ दरीत. मामा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता, त्या थंडीत. मी म्हटलं, मामा, संध्याकाळी वाट उघडेल, पुढेच जाऊ, मला काही होत नाही. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शालूला काय तोंड दावू?"

मग ते उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि गुळाच्या ढेपा एकेक करून काढून कड्याच्या बाजूला रचल्या, मागच्या काचेतून दिसेपर्यंत. फेटा काढला. मी त्यांना बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो फेटा त्यांनी मिशाळ ट्रकवाल्याच्या हातात दिला आणि मराठीत सांगितलं, "पावणं, तुमी मागं चाला. कोण आलं तर हे हलवा. आन् माज्या गाडीच्या दोन हात लांब ऱ्हावा. लई जवळ येऊ नका. हात जोडतो." शेवटचं वाक्य ते तीनदा बोलले. समोरच्याला न समजणाऱ्या भाषेत इतक्या काकुळतीनं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. ट्रकवाल्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं छातीवर हात ठेवला.

मामांनी मागचा गिअर टाकला. तो लोण्यात सुरी जावी तसा पडला. मामा क्षणभर दचकलेच, त्यांना तो गंजलेला सापडेल असं वाटलं असावं. मग अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, मान पूर्ण मागे वळवून त्यांनी गाडी सोडली. गाडीच्या मागच्या बाजूला रंगीबेरंगी फेटा हलवत चालणारा तो तुर्की माणूस आणि त्याच्यावरून नजर न हलवता सगुणेला आणणारे मामा. जरा गाडी वाकली की ते ओरडत, पावणं, हायसा न्हवं? तो तिकडून त्याच्या भाषेत ओ देत असे. दोन मैल. गाडी वळवण्याइतकी रुंद जागा आली तेव्हा मामांची मान ताठली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं, असं ते पुढे सांगत. त्यांनी ट्रकवाल्याला मिठी मारली, फेटा त्यालाच ठेवून घ्यायला लावला, आणि मग सगुणा एर्झुरुमच्या दिशेनं जी सोडली ती दवाखान्याच्या दारात थांबवली. अर्धा तास उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं.

मी दहा दिवस खाटेवर होतो. रॅली चौथ्या दिवशी इस्तंबूलला संपली. मला हिंडता फिरता आल्यावर मी मामांना म्हटलं, उशिरा का होईना, जाऊन पाणी तरी आणू. ते म्हणाले, टाके ओले आहेत, आणि पैज दिवसाच्या आत पोचायची होती, खोटं पाणी नको. मग माझ्या उशाशी बसून मला डाळिंब सोलून दिलं. रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही, तेव्हा नाही, नंतर नाही. माझ्यामुळे त्यांचं सगळं गेलं होतं आणि ते दाणे वाटीत भरत होते. आभार मानायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, जावयानं बोलायचं नसतंय, खावा.

कोल्हापुरात आलो त्या सकाळी मामा घरी न जाता थेट उद्यमनगरात गेले. हुसेन मिस्त्री कानस घेऊन काहीतरी घासत होते. मामांनी रिकामी बाटली बाकावर ठेवली आणि म्हणाले, "न्हाय पोचलो, हुसेन." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला राहवलं नाही. मी घाट, दरड, माझं पोट सगळं सांगितलं, आणि दोन मैल सांगितले. मिस्त्रींची कानस थांबली. त्यांनी विचारलं, "आरशात बघून घेतली का मान वळवून?" मी म्हटलं, मान वळवून.

हुसेन मिस्त्रींनी कानस बाकावर ठेवली. मग मला म्हणाले, मास्तर, त्या सुसरीची गोष्ट सोडा. बावीस वर्षांपूर्वी मामा उसाचा ट्रक चालवत होते आणि हुसेन त्यांच्याबरोबर होते. कारखान्याच्या आवारात ट्रक मागे घेताना हुसेननंच ये, ये अशी हाक दिली आणि ओल्या चिखलात त्यांचाच पाय घसरला. "चूक माजी. बावीस वर्सं ह्येला सांगतोय. ऐकत न्हाय. ह्यो मागं बघंना झालाय. मी पाय लावून घेतला की ह्यो म्हणणार, फिटलं, आन् जनमभर तसाच फुडं बघत बसणार. म्हणून म्हटलं, आदी ह्येनं मान वळवायची, मग मी पाय लावायचा." मग बाकावरची बाटली त्यांनी उचलून माझ्या हातात दिली. "समुद्राचं पानी घिऊन मला काय करायचंय? रंकाळ्यात पानी न्हाय व्हय? येवढ्या लांब गेला तर कुटं ना कुटं गेर टाकायच लागंल, म्हणून धाडलं."

मामा भिंतीकडे तोंड करूनच होते. त्यांचे खांदे हलत होते. मिस्त्री कुबडी टेकत त्यांच्यापाशी गेले आणि पाठीवर एक जोराची थाप मारली. मी चहा सांगायला बाहेर गेलो. त्या दिवशी उठून जायची पाळी माझी होती.

पुढच्या आठवड्यात हुसेन मिस्त्रींना पाय बसला. त्यांना केंद्रावर मामांनीच नेलं, आणि उतरायला सोपं जावं म्हणून सगुणा उलटी घेऊन थेट पायरीला लावली. त्यानंतर मामांना मागचा गिअर इतका आवडायला लागला की पेठेतली पोरं लांबूनच पळायला लागली. पान घ्यायचं राहिलं तर ते आता महाद्वार रोडवर भर गर्दीत मागे येत. पाठीमागे माणूस दिसला की मात्र इंजिन बंद करून, तो लांब जाईपर्यंत थांबत.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी शुक्रवार पेठेतून पंचगंगेच्या घाटापर्यंत हुसेन मिस्त्री चालत आले. लोक म्हणाले, रिक्षात बसा, उतार आहे. ते बसले नाहीत. चालताना नवा पाय थोडा वाजायचा, तो आवाज गर्दीतही मला ऐकू येत होता. आता मिस्त्रीही नाहीत. माझ्या पोटावर उजवीकडे तुर्की टाक्यांची एक वेडीवाकडी रेघ आहे. सकाळी अंघोळ करताना तिच्यावरून हात जातो, आणि मी जरा थांबतो. मला मामा दिसतात, बोडक्या डोक्यानं, अर्धं अंग खिडकीबाहेर काढलेले, मान मागे वळवून मला घरी आणत असलेले.